बैठकीला कारनिस

माणसानं आपल्या घराच्या छताकडे फार वेळ पाहू नये, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. छत डोक्यावर आहे ना, मग झालं. ज्यानं वर पाहिलं तो फसला. मी पाहिलं, कारण माझ्या होणाऱ्या व्याह्यांनी पाहिलं होतं, आणि त्यांनी पाहिलं, कारण त्यांच्या चहात वरून काहीतरी पडलं होतं.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावात माझं खताचं अन् बियाण्याचं दुकान आहे. आमच्या पुष्पाला पाहायला भंडाऱ्याहून पाहुणे आले आणि बैठकीत बसले. आमची बैठक म्हणजे बाबांनी बांधलेली मातीची खोली. जाडजूड भिंती, वर लाकडी फळ्यांचा माळा अन् माळ्यावर धानाची ढोली. माळा आणि भिंत यांच्या मधे चहूकडून बोट जाईल एवढी फट. त्या फटीतून कोंडा, फोलपट, माती, काही ना काही वर्षभर गळत असतं. आमच्या घरी सगळे कपावर तळहात ठेवूनच चहा घेतात. पाहुण्यांना ही रीत कोण सांगणार? मुलाचे वडील कप तोंडाला लावणार तोच टप्प झालं. त्यांनी कपात पाहिलं, मग छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पडलं ते फोलपट होतं, असं मी आजही सांगतो. आमची ही, म्हणजे चंद्रकला, म्हणते ती उंदराची लेंडी होती. तरी मुलगी पसंत पडली, हे त्या माणसाचं मोठेपण. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्याच घरी, याच बैठकीत करायचं ठरलं.

पाहुण्यांची जीप वळणाआड गेली नाही तोच ही म्हणाली, "साक्षगंधाले त्यायच्या कपात पुन्हा काही पडलं तं मी बाहेर येनार नाई. तुमचं तुम्ही पाहा."

आता फट मातीनं लिंपता आली असती. पण ते करून झालं होतं. उन्हाळ्यात माती भेगाळते आणि मग कोंड्याऐवजी तीच कपात पडते. बाजूचे भैय्यालालभाऊ म्हणाले, वरून लुगडं ताणून बांधा. लुगडं बांधलं तर उंदीर त्यात झोके घेतात, हेही आम्ही पाहिलेलं. भैय्यालालभाऊंचं असं आहे की सल्ला फुकट असतो, पण तो मानला नाही तर ते महिनाभर तोंड फुगवून असतात. या वेळी मी त्यांचं तोंड फुगू दिलं, कारण माझ्या डोक्यात कारनिस शिरली होती.

कारनिस मी तुमसरकडे खाणीच्या एका साहेबाच्या बंगल्यात पाहिली होती. त्याच्या गुलाबांना खत द्यायला गेलो होतो. छत आणि भिंत जिथे मिळतात तिथे चारी बाजूंनी नक्षीची लाकडी पट्टी, तिरपी बसवलेली. वरची कड छताला, खालची कड भिंतीला. कोपऱ्यात दोन पट्ट्या अशा मिळाल्या होत्या की जणू एकाच झाडाला त्या वळणासकट उगवल्या असाव्यात. साहेबाच्या चहात काही पडत नव्हतं. तो कपावर हात न ठेवता खुशाल गप्पा मारत होता. मला तेव्हाच हेवा वाटला होता.

तशी पट्टी मिळाली बालाघाटला, लाकूड चिरायच्या एका आरामशीनवर. मध्य प्रदेशातून लाकूड आणायचं म्हणजे बपेऱ्याचा नाका आला. पट्ट्या बसच्या टपावर बांधल्या होत्या. नाक्यावरच्या शिपायानं विचारलं, हे लाकूड आहे की फर्निचर? लाकूड असेल तर एक कागद लागतो, फर्निचर असेल तर दुसरा. माझ्याकडे नुसती आरामशीनची पावती. मी म्हटलं, कारनिस आहे. तो शब्द त्याच्या कायद्यात नव्हता, म्हणून त्यानं आपल्या वरच्याला बोलावलं. वरच्याला मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. ढोली सांगितली, उंदीर सांगितले, व्याह्यांचा कप सांगितला. बसमधले लोक खिडकीतून मुंडकी काढून ऐकत होते. त्याच्याही घरी हाच त्रास निघाला. त्यानं पट्टीचा भाव विचारला, खिळे कोणते लागतात ते विचारलं आणि बस सोडली. गावात पोचेपर्यंत अर्ध्या तालुक्याला कळलं होतं की माझ्या व्याह्यांच्या चहात लेंडी पडली.

आमच्या गावचा सुतार सुखराम. नांगर, बंडी, दाराची चौकट यांत त्याचा हात धरणारा कोणी नाही. तो म्हणाला, एक पट्टी दुसरीला आडवी टेकवतो अन् खिळा मारतो. मी म्हटलं, बाबा, ही काय गोठ्याची आडण आहे? कोपऱ्यात तिरपा काप पाहिजे, पंचेचाळीस अंशाचा. दोन पट्ट्यांचे दोन पंचेचाळीस मिळून काटकोन होतो. मोजमाप मला कोणी शिकवू नये. त्याच्या आदल्याच साली मी दुकान बांधलं ते स्वतः दोरी धरून, बरोबर शेरमुखी, समोरून रुंद अन् मागे निमुळतं, गिऱ्हाईक आलं की आतच गेलं पाहिजे. गवंडी एक बोट चुकला तर मी भिंत पाडायला लावली होती. असा मी माणूस.

तिरप्या कापासाठी करवत आणली माझ्या साळ्याची. तुलाराम तुमसरला देवांच्या फोटोंच्या फ्रेमा करतो. त्याची ती करवत लोखंडी चौकटीत बसवलेली असते, तिला डावी-उजवी फिरवून अंशाच्या खुणेवर खीळ घालायची की ती हलत नाही. करवत देताना तुलाराम म्हणाला, या करवतीनं आजवर एक देव वाकडा बसला नाही. हिनं त्या करवतीला हळदीकुंकू लावलं आणि मी पहिली पट्टी कापायला घेतली.

आठही टोकं झोकात कापली. चार पट्ट्या, आठ टोकं. शिडीवर चढून कोपऱ्यात लावून पाहिल्या तर एकही लागेना. त्या कोपऱ्याच्या आत बसायच्या सोडून खांबाच्या बाहेरून गुंडाळाव्यात अशा झाल्या होत्या. सुखराम माझ्याकडे पाहत होता आणि मी छताकडे. कुठे चुकलं ते काही केल्या उमगेना. शेवटी मी खोलीच्या मधोमध ओणवा झालो आणि दोन पायांतून वर पाहिलं. तसं पाहिल्याबरोबर लख्ख कळलं. छताला लागणारी कड करवतीत खाली धरायला हवी होती. पट्टी उलटी धरून कापायची, म्हणजे ती वर गेल्यावर सुलटी होते. मी त्याच अवस्थेत असताना भैय्यालालभाऊ दारात येऊन उभे राहिले. त्यांनी विचारलं, पोटात वायू धरला का? ओव्याचा सल्ला दिला. दुसऱ्या दिवशी दुकानात येणारा प्रत्येक जण माझ्या पोटाची चौकशी करून जात होता.

पुन्हा बालाघाट, पुन्हा बपेरा. नाक्यावरच्या त्या भल्या माणसानं विचारलं, लागली का कारनिस? मी म्हटलं, लागून राहिली आहे.

या खेपेला पट्टी उलटी धरली आणि डाव्या बाजूचे दोन्ही कोपरे असे मिळाले की काय सांगू. मधे नख जाईना. मी भैय्यालालभाऊंना मुद्दाम बोलावून दाखवलं, पुष्पाला दाखवलं, हिला चुलीवरून उठवून दाखवलं. मग उजव्या बाजूला गेलो आणि तिथे सगळं बिनसलं. समोरच्या कोपऱ्यात दोन पट्ट्या भिंतीजवळ मिळत, पण खोलीच्या बाजूनं आ वासून राहत. मागच्या कोपऱ्यात उलटा प्रकार. पुढून मिळत आणि भिंतीकडे फट राही, बोट घालावं एवढी. करवत तीच, खूण तीच, हात तोच. पुन्हा कापल्या, पुन्हा तेच. दर कापाला पट्टी तेवढी आखूड होत चालली.

सुखराम शिडीवरून म्हणाला, "गोपीभाऊ, मले वाटते खोलीच वाकडी हाये."

मी हसलो. म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आमच्या आजोबांनी तुझ्यासाठीच ठेवली होती. सुखराम खाली उतरला, करवत पुसली आणि विडी पेटवायला बाहेर गेला. तेव्हा भैय्यालालभाऊ पुढे झाले. त्यांनी डावे कोपरे पाहिले, उजवे पाहिले आणि आवाज एकदम खाली आणला. म्हणाले, करवत बरोबर आहे, कारण डावीकडे बरोबर लागली. काप बरोबर आहे. तेव्हा दोष भिंतीचा आहे. तुमची उजवी भिंत मागच्या टोकाला बाहेर जाऊन राहिली आहे, गोपीभाऊ. भिंत सरकून राहिली.

उजव्या भिंतीच्या पलीकडे भैय्यालालभाऊंचं अंगण. तिथे त्यांची म्हैस बांधलेली असते. ते बोलून घरी गेले आणि त्यांनी म्हैस सोडून पलीकडच्या चिंचेखाली बांधली. ते बोलले तोवर मी हसण्यावारी नेत होतो, पण म्हैस हलवलेली पाहिली आणि मी हसायचा थांबलो. भैय्यालालभाऊ तोंडानं काहीही बोलतील, पण दुभत्या म्हशीला ते उगाच तसदी देणारे नव्हेत.

त्यांच्या नात्यातले मधुकरराव नावाचे ओव्हरसियर तुमसरला होते. ते जेवायला म्हणून आले आणि माझं घर पाहून गेले. त्यांनी भिंतीला बाहेरून ओळंबा लावला. ओळंबा वर भिंतीपासून चार बोटं दूर आणि खाली भिंतीला लागलेला. मी म्हणालो, मातीची भिंत खाली जाड अन् वर बारीक असतेच. ते म्हणाले, असते, पण कोपरे उघडत नसतात. ढोलीतल्या धानाचं वजन भिंतीला बाहेर लोटतं आहे, म्हणाले. साक्षगंध या खोलीत करू नका, म्हणाले, शंभर माणसं अन् वर धान, जबाबदारी कोणाची? भिंत उतरवून घ्या. हे सगळं त्यांनी सुपारी कातरत, शांतपणे सांगितलं.

झालं. भिंतीला बाहेरून बांबूचे टेकू लागले. हिनं भांडीकुंडी गोठ्यात नेली आणि तिथेच चूल मांडली. भिंत पाडायची तर पंचायतीला कळवावं म्हणून मी गेलो. तिथले बाबू म्हणाले, घर धोक्याचं आहे असं आम्ही आत जाऊन पाहिल्याशिवाय लिहिता येत नाही. मी म्हटलं, चला. ते म्हणाले, धोक्याच्या घरात आम्ही कसे येणार? तेही खरंच होतं. मी परत आलो. वाटेत जो भेटे तो थांबवून विचारे, पडली का? पडली नाही म्हटलं की जरा हिरमुसल्यासारखा होई.

एवढंही मी सोसलं असतं, पण बातमी भंडाऱ्याला पोचली. व्याह्यांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर तोंडी निरोप धाडला की आधी घर सावरा, साक्षगंधाचं मग पाहू. मग पाहू, याचा अर्थ आपल्याकडे काय होतो ते मुलीच्या बापाला सांगावं लागत नाही. पुष्पा गोठ्याच्या दारात बसून तांदूळ निवडत राहिली, निवडलेलेच पुन्हा निवडत राहिली. मी बैठकीत जाऊन त्या भिंतीला हात लावून उभा राहिलो. बाबांनी स्वतः माती तुडवून ती उभी केली होती. चाळीस पावसाळे जिनं झेलले तिला मी एका कारनिसेपायी पाडणार होतो. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. सोमवारी माणसं कुदळी घेऊन येणार होती.

रविवारी कारध्याहून माझी आत्या आली, रंभाबाई. बाबांची एकुलती एक बहीण. साक्षगंध पुढे गेलं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, ती लाडवांचा डबा घेऊन हजर. गोठ्यात चूल पाहिली, बाहेर टेकू पाहिले आणि म्हणाली, "काहून बाप्पा, घर सोडून जनावरात काहून राहून राहिले?"

मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत ऐकत सरळ बैठकीत गेली. ही ओरडली, आत्याबाई, आत जाऊ नका. आत्या गेलीच. कारनिसेचा उजवा मागचा कोपरा तिनं मान वर करून पाहिला, नेमकी त्याच्याखाली भिंतीला टेकून बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. आम्ही सगळे उंबऱ्याबाहेर उभे.

"भिंत कुठं नाई चालली, गोप्या," ती म्हणाली. "ते मीच वाकडी केली."

आमच्या घरी पूर्वापार चाल होती. घराचा पाया आखताना चारी बाजूंनी दोरी लावायची आणि मग मागच्या एका कोपऱ्याची दोरी घरच्या बहिणीनं वीतभर बाहेर ओढायची. म्हणजे घर गायमुखी होतं, समोर निमुळतं अन् मागे रुंद. आलेलं धान, आलेली माणसं, आत राहतात. दुकानाचं नेमकं उलटं, ते शेरमुखी. दुकान शेरमुखी असावं हे मी गावभर सांगत होतो, आणि ज्या घरात जन्मलो ते गायमुखी असेल हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

मी म्हटलं, पण आत्या, वीतभरानं एवढी फट पडत नाही.

आत्या मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "दादानं सांगतलं वीतभर. तो तिकडे तोंड करून नारळ फोडून राहिला होता. मी हातभर ओढली." आणि आम्ही सगळे पाहतच राहिलो तेव्हा पुढे म्हणाली, "त्या साली तुह्या मायनं उपास काढले होते रे. मले वाटलं, वीतभर सुख कोनाले पुरते? जरा जास्त मावू दे."

दोरी आणली. समोरची भिंत मोजली, मग तीच दोरी मागच्या भिंतीला लावली. उरली तेवढ्या जागेवर आत्यानं आपला हात ठेवला, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. बरोबर बसला. मी शिडी लावून माळ्यावर चढलो आणि कंदील धरून तुळयांची टोकं पाहिली. भिंत सरकली असती तर तुळई तिच्या खोबणीतून ओढली गेली असती, ताजी खूण दिसली असती. तिथे बाबांच्या वेळची काजळी जशीच्या तशी, कोळ्यांची जाळीसुद्धा जुनी. मी माळ्यावर धानातच बसलो. घर पडत नव्हतं. ते पहिल्या दिवसापासून असंच होतं, आणि हातभर जास्त होतं. आयुष्यात मला इतकं हलकं कधी वाटलं नाही. खालून ही विचारत होती, काय दिसलं, काय दिसलं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. हिला वाटलं मीच पडलो.

मधुकरराव आले, त्यांनी आत्याचा हात पाहिला, दोरी पाहिली, तुळई पाहिली आणि म्हणाले, मूळचंच असेल तर दोष धरता येत नाही. मग चहा मागितला. भैय्यालालभाऊ म्हशीला परत आणायला गेले, पण तिला चिंचेची सावली मानवली होती. ती काही केल्या येईना. अजून तिथेच बांधतात.

सुखरामला मी घरी जाऊन बोलावलं. तो आला, शिडीवर चढला आणि एवढंच म्हणाला, "अंगन वाकडंच होतं ना, भाऊ?" मी म्हटलं, होतं बाबा, हातभर. मग मी वर्तमानपत्राचा कागद त्या कोपऱ्यात दाबून बसवला, दोन्ही भिंतींना लागून दुमडला आणि आलेल्या कोनाची मधोमध घडी घातली. सुखरामनं करवतीची खीळ पंचेचाळीसवरून काढली आणि तिचं पातं त्या घडीवर आणलं. तुलारामच्या करवतीला देवांचा पंचेचाळीस सोडून दुसरा कोन पहिल्यांदाच दिसत होता. समोरच्या कोपऱ्याची एक घडी, मागच्याची दुसरी. बालाघाटहून तिसऱ्यांदा आणलेल्या पट्ट्या वर गेल्या आणि नखही शिरू नये अशा मिळाल्या. या वेळी मी कोणालाही बोलावून दाखवलं नाही.

साक्षगंध बैठकीतच झालं. व्याही आले ते टेकूच्या खुणा पाहत पाहतच आत आले. आत्यानं त्यांना मुद्दाम त्या मागच्या कोपऱ्यात बसवलं आणि दोरीची गोष्ट सगळी सांगितली, उपासासकट. त्यांच्या हातात कप आला. त्यांनी सवयीच्या माणसासारखा त्यावर तळहात ठेवला, एकदा छताकडे पाहिलं, मग हात काढला आणि चहा शेवटपर्यंत प्यायले. पुष्पा दाराआडून पाहत होती. काही पडलं नाही.

पुढे अठ्ठ्याऐंशी साली माझ्या मुलानं विटांचं घर काढलं, शेजारच्याच जागेत. नागपूरहून इंजिनिअर आला, नकाशा आला, चारी कोपरे काटकोनात. आत्या तोवर गेली होती. पाया आखायच्या दिवशी भंडाऱ्याहून पुष्पा आली आणि मी दोरीचं मागचं टोक तिच्या हातात दिलं. इंजिनिअर ऐकत होता, म्हणून चांगलं मोठ्यानं सांगितलं की वीतभरच, पोरी, जास्त नाही. पुष्पानं मान हलवली आणि दोरी मुठीला दोनदा गुंडाळून घेतली. ते पाहिलं आणि मी इंजिनिअरचा दंड धरून त्याला रस्त्याकडे वळवला.

"चला साहेब," मी म्हटलं, "चाय थंडी होऊन राहिली."